पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव

आर्लिस फेब्रुवारीत गेली. तिची गाणीही गेली, हे मला जूनमधल्या एका मंगळवारी माझ्या मित्राच्या, बुच नोवोत्नीच्या, गॅरेजमध्ये कळलं.

आर्लिस माझी बायको. आमच्या चर्चचं ऑगस्टमध्ये गावजेवण असतं. अंगणात मोठ्या हंड्यात बूया शिजते, म्हणजे कोंबडी, गोमांस आणि सापडेल ती भाजी घालून दहा तास उकळलेला रस्सा. तो मी ढवळतो. शेजारच्या तंबूत पोल्काचा नाच असतो. पूर्वी बँड यायचा. मग अकॉर्डियनवाला वारला, ढोलवाला वारला आणि ट्रंपेटवाला फ्लोरिडाला राहायला गेला, म्हणजे तेच. तेव्हापासून गाणी आर्लिस लावायची. इंटरनेटवरच्या एका दुकानातून तिने एकेक करून दोनशे चौदा गाणी विकत घेतली होती. क्रमही तिनेच ठरवला होता. सगळ्यात शेवटी जोडीने नाचायचा एक संथ वॉल्ट्झ. तो लागला की मी ढवळणं बुचकडे द्यायचो आणि तंबूत जायचो. वर्षातून एकदाच नाचायचो, पण नाचायचो.

मे महिन्यात वीज पडून आमचा कॉम्प्युटर जळाला. मी घाबरलो नाही. आर्लिसने गाण्यांची प्रत एका छोट्या डिस्कवर काढून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवली होती. यंदा तंबूतलं काम बुचने घेतलं, म्हणून डिस्क त्याच्याकडे नेली. तो वेगळंच सॉफ्टवेअर वापरतो. त्यात गाण्यांची नावं दिसली, मिनिटं दिसली, पण आवाज एकाचाही आला नाही. प्रत्येक गाण्यावर क्षणभर थांबून ते पुढच्यावर उडी मारायचं. दोनशे चौदा गाणी चार मिनिटांत संपली.

"कुलूपबंद आहेत रे," बुच म्हणाला. "विकत घेतलेली आहेत ना, म्हणून."

"म्हणजे?"

"चोरलेली असती तर वाजली असती. माझी बघ, सगळी वाजतात."

बुच चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो.

उपाय त्यानेच सांगितला. दुकानाचं स्वतःचं सॉफ्टवेअर घ्यायचं, आर्लिसच्या खात्यात शिरायचं, नव्या कॉम्प्युटरला परवानगी मिळवायची. मग गाणी सीडीवर उतरवायची आणि सीडीवरून परत कॉम्प्युटरवर घ्यायची, की ती कुठल्याही सॉफ्टवेअरवर वाजतात. हे दुकानाला चालतं. थोडक्यात, मागचं दार सताड उघडं आहे, फक्त तिथे जायचं तर पुढच्या कुलूपबंद दारातून जावं लागतं.

पासवर्ड मला माहीत नव्हता, खात्याचाही नाही आणि तिच्या ईमेलचाही नाही. दुकानाला फोन केला. चाळीस मिनिटं त्यांनी मला संगीत ऐकवलं. ते मात्र विनापरवानगी वाजत होतं. मग कॅन्डिस नावाची एक बाई आली.

"खातं कोणाच्या नावावर आहे, सर?"

"आर्लिस डेल्वो. माझी बायको."

"त्यांना जरा फोन देता का?"

"ती वारली."

"ऐकून फार वाईट वाटलं, सर. मग मी त्यांच्या ईमेलवर एक निरोप पाठवते. त्यांनी फक्त हो म्हणायचं."

"बाई, ती वारली म्हणतोय मी. मृत्यूचा दाखला पाठवू का?"

"दाखला चालेल ना, सर. खातं बंद करायला."

"बंद नाही करायचं, उघडायचंय."

"उघडायला त्याच लागतील."

"अहो, गाणी आम्ही विकत घेतलीत!"

"गाणी नाही, सर. ऐकायची परवानगी. ती त्यांच्या नावावर आहे आणि ती वारसांना मिळत नाही."

"माझ्या सासऱ्याचा ट्रॅक्टर मला मिळाला."

"ट्रॅक्टर आम्ही विकत नाही, सर."

बाई वाईट नव्हती. शेवटी म्हणाली, खात्याला एक गुप्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर बरोबर आलं तर नवा पासवर्ड मिळेल. दिवसाला तीनदाच उत्तर देता येतं. प्रश्न होता: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?

हा प्रश्न शहरातल्या कोणीतरी लिहिला असणार. आर्लिस दुभत्या गाईंच्या गोठ्यात वाढली. तिच्या वडिलांकडे एका वेळी चाळीस गाई असायच्या आणि प्रत्येकीला नाव होतं. मी मेहुणीला, ट्वायलाला फोन केला.

"पाळीव?" ती म्हणाली. "बाबांनी मांजरसुद्धा घरात येऊ दिलं नाही. आमच्याकडे सगळे कामाला होते, आम्हीसुद्धा."

"एखादी लाडकी गाय असेल की."

"जत्रेत नेलेली ती कालवड, क्लोव्हर. नाही, क्लोव्हर माझी. तिची ड्यूचेस."

ड्यूचेस चुकलं. क्लोव्हरही चुकलं. तिसऱ्यांदा मी आमच्या कुत्र्याचं नाव घातलं. खातं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद.

मग ट्वायला वडिलांची वही घेऊन आली. कुठली गाय कधी व्याली, तिच्या वासराचं नाव काय, सगळं त्यात लिहिलेलं. आम्ही आर्लिसच्या जन्मापासून सुरुवात केली. रोज सकाळी कॉफी झाली की मी तीन गाई घालायचो. ओपल, ग्रेटा, मोना. मोना दोन होत्या, पण दुकानाला त्याचं काय. माझ्या स्वतःच्या गाई विकून आठ वर्षं झाली. या वयात पुन्हा पहाटे उठून गाईंच्या मागे लागेन असं वाटलं नव्हतं.

जुलैत एक दिवस ट्वायला म्हणाली, "तुझं नाव घालून बघितलंस?"

"मी काय पाळीव प्राणी आहे?"

"घरात येऊ दिलेला पहिला तूच."

डेल्मर घातलं. चुकलं. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आर्लिस मला ज्या नावाने हाक मारायची ते मी पहिल्याच आठवड्यात घालून पाहिलं होतं. ते ट्वायलाला सांगितलं नाही.

गावजेवणाच्या दिवशी सकाळी तीन नावं घातली आणि हंड्याशी जाऊन उभा राहिलो. तंबूत बुचची गाणी वाजली, एकही अडकलं नाही. लोक नाचले. पाद्री म्हणाले, "आवाज यंदा फार स्वच्छ आहे हं." बुचने मान लववली.

शेवटी तो हंड्यापाशी आला आणि त्याने हात पुढे केला. "दे इकडे, मी ढवळतो."

"आणि मी कुठे जाऊ?" मी म्हटलं.

त्याने हात मागे घेतला. मग म्हणाला, "तो वॉल्ट्झ मी शोधला रे, डेल. फुकटातसुद्धा कुठे मिळाला नाही."

यंदा बूया तळाला अजिबात लागली नाही. सगळ्यांनी कौतुक केलं.

वहीतल्या एकतीस गाई अजून घालायच्या राहिल्या आहेत.