ललिताचं पाणी

आसगावच्या तलावात देशाची शर्यत व्हावी, हे वेड ललिताचं. चाळिशीची, साठीची, अगदी ऐंशीचीही माणसं दरसाल कुठंतरी जमतात आणि पोहण्याची शर्यत लावतात, हे गावाला ठाऊकच नव्हतं. शाळेतल्या चंद्रकुमार गुरुजींनी पेपरात वाचलं, आणि म्हशींच्या मागं पोहत तलाव पार करणाऱ्या बावन्न वर्षांच्या ललिताला ते नागपूरच्या निवड स्पर्धेला घेऊन गेले. सोबत तिचा नवरा जागेश्वर.

तिथं निळ्या फरशीचं टाकं. ललितानं मान वर ठेवून, म्हशीगत फुरफुरत, साऱ्यांना मागं टाकलं. समोरची भिंत हाताला लागली तशी ती शिडी धरून बाहेर आली आणि पाणी निथळत, हसत उभी राहिली. बाकीच्या बाया भिंतीवरून वळून परत निघाल्या होत्या. शर्यत दोन फेऱ्यांची होती.

"काहून निंघाली वो?" जागेश्वर ओरडला.

"काठ आला तं निंघाचं नाही का?"

पुढं धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायांनी तिच्यावर गाणंच रचलं:

ललिता गेली नागपुरा, निळ्या पाण्यात पोहाले,
भिंत लागली हाताले, आली लुगडं वाळवाले!

ललिताही त्यांच्यात सूर मिळवून गायची, सगळ्यांहून मोठ्यानं. पण घरी आल्यावर एकदा ती म्हणाली, "गुड्डीचे बाबा, त्यायले म्हणा, आमच्या तलावात या. एका काठानं उतरा, दुसऱ्या काठानं निंघा. मंग पाहू कोण हासते." ती हसत नव्हती. गुरुजींनी शर्यत भरवणाऱ्यांना अर्ज लिहिला, खाली ललितानं सावकाश अक्षर जुळवत सही केली.

पुढच्या एप्रिलात अंगणात मोहफुलं वाळत घालताना ती मटकन खाली बसली, ती उठलीच नाही. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

ऑगस्टात उत्तर आलं. देशभरातून तीन जागा निवडल्या होत्या, त्यांत आसगाव. ऑक्टोबरात समिती येऊन पाण्याची खोली मोजणार, आणि जागा ठरली तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शर्यत. तोवर तलावाचं पाणी उतरता कामा नये, अशी अट.

पाणी जागेश्वरच्या हाती होतं. तलावाचं तुडूम, म्हणजे शेतांकडं पाणी सोडायचं दगडी दार, त्याच्या आज्यापासून त्याच्या घराकडं. पाळीलगतच्या, तलावाच्या बांधालगतच्या, त्या दगडात एकाखाली एक भोकं, भोकांना लाकडी बुचं. धानाला पाणी लागलं की बूच काढायचं आणि पहिलं पाणी सगळ्यांत लांबच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, द्यायचं, ही रीत. यंदा गावसभेत त्यानं हात जोडले. "एवढ्या वर्षी बुचं राहू द्या. परतीचा पाऊस येईलच ना."

गावानं मान डोलावली. खालच्या अंगाला शेत असलेला नत्थू तर म्हणाला, "आमच्या ललितावैनीची शर्यत होय, जागेश्वर. तू फक्त हार घेऊन उभा राय."

परतीचा पाऊस आला नाही. धान निसवण्याच्या, लोंब्या बाहेर पडण्याच्या ऐन वेळेला वीस दिवस आभाळ कोरडं. समितीची तारीख एकदा पुढं गेली, मग आणखी एकदा. जागेश्वर रोज सकाळी पाळीवर जाऊन पाणी बघायचा. भरलेला तलाव, वर कमळाची पानं, आणि मधून ललिता जायची ती मोकळी वाट. तिथं दोऱ्या लागतील, लाल फुगे लागतील, भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं जाईल. हे ठरल्यापासून त्याला अन्नाची चव परत आली होती.

त्याची बांधी पाळीच्या पायथ्याशी, पाझरावर हिरवीगार. त्यामुळं शेवटच्या बांध्यांकडं त्याचं जाणंच झालं नाही. गावात कोणी काही बोलेना. पारावर तो आला की धानाच्या गोष्टी थांबत आणि कोणीतरी विचारी, "मंग, कवा येऊन रायले तुये पोहणारे?"

एका सकाळी बैल शोधत तो खालच्या अंगाला गेला, तर गोदावरीबाई आपल्या बांधीत काखेतल्या गुंडातलं पाणी एका हातानं धानाच्या बुडाशी घालत होती. ललिताची ती जिवाची मैत्रीण. भुईला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. जागेश्वरनं एक लोंबी चिमटीत दाबली. आत काहीच नव्हतं.

"कवापासून असं आहे, बाई?"

"झाले धा-बारा दिवस."

"मंग मले सांगतलं काहून नाही? मी का मेलो होतो?"

गोदावरीबाईनं गुंड खाली ठेवला. "ललिताचं पाणी होय ते, भाऊ. तिचं पाणी तुमाले कसं मागू?"

"नत्थूचीबी बांधी अशीच आहे का?"

"सारीच खालची बाजू अशी आहे. कोणाचं तोंड उघडत नाही."

तो पाळीवर आला. मग धोतर खोचून गळ्याएवढ्या पाण्यात उतरला आणि पहिलं बूच उपसलं. दुपारी दुसरं. पाणी खळाळत नालीला लागलं, आणि खालच्या बांध्यांतून माणसांच्या हाका उठल्या. त्या हाकांत आनंद होता. तो ऐकवेना म्हणून त्यानं कान पाण्याखाली नेले.

चौथ्या दिवशी समिती आली. पुढं होत्या त्या बाई साठीच्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, स्वतः पोहणाऱ्या. डोंग्यात बसून त्यांनी ठिकठिकाणी दोरी सोडली. कमळं पाहून त्या हरखल्या. मग दोरीवरची खूण त्यांनी पुन्हा तपासली.

"सुरुवातीच्या जागेवर दोन हात पाणी कमी आहे हो. काठाची खूण तर ओलीच दिसते. आत्ताच उतरलं का?"

गुरुजी रागानं जागेश्वरकडं बघत होते. जागेश्वर म्हणाला, "हो. मीच सोडलं."

"आणखी थोडे दिवस थांबला असतात तर..." त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांनी खालचं हिरवं रान पाहिलं आणि दोरी गुंडाळली. "अर्जावर सही आहे त्या ललिताबाई कुठायत? त्यांना भेटायचं होतं."

नत्थूनं हळूच सांगितलं. बाईंनी जागेश्वरपुढं हात जोडले.

आठ दिवसांनी कळलं, शर्यत दुसऱ्या राज्यातल्या एका धरणावर होणार.

दिवाळीला गुड्डी सासरहून आली. खालच्या बाजूचं अर्धंअधिक धान हाती लागलं होतं. गोदावरीबाईनं नव्या तांदळाचं पायलीभर गाठोडं आणून ओट्यावर ठेवलं होतं, ते तसंच पडून होतं. गुड्डीनं बापाजवळ बसून विचारलं, "बाबा, माय असती तं काय म्हणली असती?"

"रागावली असती."

"खरंच?"

"लई. ते पाणी तिचा जीव होता. दोन दिवस बोलली नसती माह्यासंग. ताट आदळून ठेवलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आली असती अन् म्हणली असती, चला, झालं ते झालं."

"मंग?"

बुचं काढल्याला आज महिना झाला होता, आणि रोज सकाळी तो चूल पेटवून, चहा न मांडता, थोडा वेळ तसाच थांबत होता.