दोन्ही बाजूंनी थोडं आत

औषधानं काही होत नाही असं कुणी म्हटलं की माझं टाळकं फिरतं. परवा शेजारची गंगव्वा तेच बोलली, मनाच्या दुखण्याला गोळी काय करणार म्हणून, आणि मी तिच्याशी कडाकडा भांडले. तिला काय ठाऊक? मला ठाऊक आहे, म्हणून सांगते.

आमचं शिवणकामाचं दुकान चामराजपेटेत, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. नवऱ्याचं नाव हणमंतराव, पण सगळी पेठ त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मीही मास्तरच म्हणते. वकिलांचे काळे कोट शिवावेत तर मास्तरांनी. त्यांच्या हातची काजं बघायला दुसरे शिंपी यायचे. मशीन मी चालवायची. कापणं आणि हातशिलाई त्यांची. लेकरू काही झालं नाही आम्हाला. दिवसभर समोरासमोर बसायचो. मी बडबड करायची आणि ते ओठांत दोरा धरून हसायचे.

एकसष्ट साली दसरा झाला आणि ते हसायचे थांबले. आधी जेवण गेलं, मग झोप, मग बोलणं. कापड पसरून, खडू हातात धरून बसले की बसलेलेच. काय होतंय विचारलं तर म्हणायचे, "काही नाही गं, मी कशालाच उरलो नाही." खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मी त्यांना आळशी म्हटलं. तोंडावर म्हटलं. त्यांची थोरली बहीण सोयराबाई, आमच्या अक्का, मागच्या गल्लीत राहायच्या. त्यांनी दृष्ट काढली, ताईत बांधला, कुठला कुठला अंगारा आणला. मास्तर लहान मुलासारखे सगळं करून घ्यायचे. मग एका सकाळी मला म्हणाले, "भागू, मी नसलो तर दुकान तू चालवशील ना?" त्या दिवशी मी घोड्याचा जटका बोलावला आणि त्यांना घेऊन मोठ्या इस्पितळात गेले. अक्का म्हणाल्या, वेड्यांच्या दवाखान्यात नेलंस, घराण्याचं नाक कापलंस. कापलं तर कापलं.

डॉक्टर कृष्णमूर्ती वयानं लहान, पण बोलणं शांत. कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, हे वेड नाही, आजार आहे. नवीन गोळी आली आहे. दिवसाला तीन. दोन-तीन आठवडे काही फरक दिसायचा नाही. धीर सोडू नका."

गोळीनं मास्तरांच्या तोंडाला कोरड पडायची, गोळी घशात अडकायची. मग डॉक्टरांना विचारून मी ती कुटून मधात कालवून द्यायला लागले. सरी, म्हणजे चालेल, म्हणाले ते. पंधरा दिवस गेले, काही नाही. अठरा झाले, काही नाही. मी मनातून डॉक्टरांना शिव्या घालत होते. विसाव्या दिवशी जेवताना मास्तर म्हणाले, "सारात मीठ कमी आहे." अडीच महिने समोर काय वाढलंय हे ज्या माणसाला कळत नव्हतं, त्यानं मीठ मागितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

संक्रांत गेली आणि माझा माणूस परत आला. हसायला लागला, गिऱ्हाइकांची चेष्टा करायला लागला. आता तुम्हीच सांगा, गोळीनं काही होत नाही?

पण हात थरथरायला लागला. जवळचं धूसर दिसायचं. सुईत दोरा मी ओवून द्यायची, तरी काज वाकडं पडायचं. डॉक्टर म्हणाले, हे त्या गोळीचंच आहे, स्वल्प सोसा, बंद करू नका. मास्तरांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. "बोटं थरथरतात तर थरथरू देत गं," म्हणाले, "सकाळी उठावंसं वाटतं, हे काय कमी आहे?"

वाटलं ते मला. एका वकिलानं कोट परत पाठवला. अक्का सगळ्यांदेखत बोलल्या, "माझ्या भावाचा हात घालवला हिनं." मला ते सोसवेना. मास्तरांच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आता माझ्या डोळ्यांसमोर ठेवत होते.

आमच्या दुकानाची एक रीत होती, सासऱ्यांनी घालून दिलेली. कपडा ढगळ झाला तर गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आत घ्यायचं, घालून बघायचं, लागलं तर आणखी घ्यायचं. चुकलं तर गुपचूप उसवायचं आणि नीट करून द्यायचं. जन्मभर मी हेच केलेलं. मला वाटलं, माणूस बरा झालाय, आता हे औषध त्याला ढगळ होतंय. मी खलबत्त्यातली पूड थोडी बाजूला काढायला लागले. आधी चिमूटभर. मग सकाळची अर्धी. मग दुपारची गोळी पूर्णच वगळली. नुसता मध दिला. मास्तरांना पत्ता नाही.

आणि हात थांबला हो. पाडव्याला त्यांनी स्वतः सुईत दोरा ओवला आणि मला हाक मारली, "बघ, हात आला." त्या दोन महिन्यांत त्यांनी जी काजं केली, तशी आधीही कधी केली नव्हती. परत पाठवणारा वकील स्वतः आला. अक्का गप्प झाल्या. माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका. तोवर मी दिवसाला एकाच गोळीवर आले होते.

मग एकदा ताटातला भात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. तिसऱ्या दिवशी खडू हातात धरून ते बसले, बसलेलेच. मला कळलं नाही असं म्हणणार नाही. लगेच कळलं. पण आणखी चार दिवस बघू, चार दिवस बघू म्हणत मी महिना घालवला, कारण हाताशी वकिलांचे कोट होते आणि काजं अजून सरळ पडत होती. एवढी मी शहाणी.

दाखवायची तारीख आली. डॉक्टरांनी विचारलं, "तिन्ही गोळ्या वेळेवर घेता?"

मास्तर म्हणाले, "एकही चुकली नाही. ही स्वतः कालवून देते." आणि माझ्याकडे बघितलं. त्या तसल्या दुखण्यातही माझ्याबद्दलचा अभिमान होता त्या बघण्यात.

मी पदर सारखा केला. डॉक्टरांनी मान हलवली. "असं होतं कधी कधी. औषध चालेनासं होतं. ही गोळी आता बंद करू." पुढच्या सोमवारी दाखल व्हायचं, विजेचा उपचार करायचा, असं ठरलं. कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं. मी बघत बसले.

जटक्यात मास्तर म्हणाले, "एवढी एकच गोष्ट लागू पडली होती गं. तीही गेली."

मी म्हणाले, "होईल बरं." एवढंच म्हणाले मी.

घरी आल्याआल्या मी उसवायला घेतलं. गोळ्या भरपूर उरल्या होत्या. दिवसाला तीन, पूर्ण, मधात. त्यांना सांगितलं, नुसता मध आहे, घशाला बरा. मनात हिशेब केला की वीस दिवसांत फरक पडेल, सोमवारी दाखल नको म्हणून काही निमित्त काढू, आणि कुणाला काही कळायला नको. सांगून टाकावं असं दिवसातून दहादा तोंडाशी यायचं. पण ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत आले होते, ती नजर बदललेली मला बघायची नव्हती. भित्री होते मी. तोंडानं एवढी फटकळ, आणि भित्री.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी तयार कोट कागदात बांधला. "वकीलसाहेबांना देऊन येतो," म्हणाले. मी येते म्हटलं तर म्हणाले, "तू मशीन सोडू नको." मला बरंच वाटलं. उठले, बाहेर निघाले, म्हणजे गोळी लागू पडायला लागली, असं वाटलं. संध्याकाळी तळ्याकडून माणसं आली.

कोट त्यांनी पोचवला होता. वकील नंतर भेटायला आले तेव्हा म्हणाले, "मास्तर मला म्हणाले, साहेब, माझं औषध चालेनासं झालं आहे, आता दुसरा शिंपी बघा. मला वाटलं, असंच बोलतायत."

तेरावा झाल्यावर मी इस्पितळात गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. पूड, मध, काजं, सगळं. त्यांनी लिहायचं थांबवलं. मग म्हणाले, "म्हणजे औषध चालत होतं, अम्मा."

चालत होतं. आता मी ते सगळ्यांना सांगत सुटते. अक्कांना सांगितलं, गंगव्वाला सांगितलं, तुम्हाला सांगते. ज्याला सांगायचं होतं तो सहा दिवस माझ्यासमोर बसून मी दिलेला मध चाटत होता.