कागोयाच्या मागची रांग

आमच्या गावचा अध्यक्ष चिठ्ठ्या टाकून निवडत नाहीत. उमेदवार आंब्याखाली उभे राहतात, आणि ज्याला जो हवा त्याच्या मागे तो रांगेत उभा राहतो. उमेदवाराने मात्र मागे वळून बघायचं नाही. कोण कुठे उभा होता हे कळलं की पुढे वैर वाढतं.

यंदा म्वोंधाच्या विरोधात माझी पुतणी कागोया उभी होती. तिला मधुमेह आहे, रोज सुई टोचून घेते. "निकाल लागेपर्यंत हे कुणाला बोलू नकोस," असं मीच तिला बजावलं होतं.

रांगा लागल्या; कागोयाच्या मागे पहिला मी. निवडणुकीसाठी आलेले साहेब मोजणीआधी नियमांचा कागद वाचू लागले, तो संपेना. ऊन चढलं. कागोयाचे हात थरथरू लागले.

"काका, सुई घेतली, पण खायचं राहून गेलं."

"दम धर थोडा," मी म्हणालो. चूक माझीच.

तिने माझं ऐकलं नाही. माझ्या मागच्या नाबिर्ये आजीकडे तिने उसाचं कांडं मागितलं, खाली बसली आणि चघळता चघळता मोठ्याने म्हणाली, "मला मधुमेह आहे. आत्ता खाल्लं नाही तर पडेन. ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं, मोजणी व्हायचीय."

"कागदांवर शिक्का मारता मारता आडवी होणार ही," पलीकडून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. आमच्या रांगेतले सातआठ जण म्वोंधाच्या रांगेत गेले.

आजीने विचारलं, "पोरी, तू दवाखान्यात असलीस तर आमची कागदपत्रं कोण बघणार?"

"मी नेमेन तो उपाध्यक्ष बघेल, आजी. आणि जायच्या आधी मी तुम्हाला सांगून जाईन."

"मागचा अध्यक्ष चांगला धडधाकट होता," आजी म्हणाली. "शिक्का खिशात घालून आठ-आठ दिवस जिंजा शहरात जाऊन बसायचा. मी नाही हलत."

हे ऐकून पलीकडचा वाइस्वा गवंडी डोकं खाजवत आमच्याकडे आला. त्याच्यामागून आणखी काही आले.

"काका, किती उरले?" कागोयाने मागे न बघता विचारलं.

"खा तू आधी."

मोजणीत आम्ही चारने पुढे निघालो. कागोया उठली, झग्याला हात पुसले आणि सरळ म्वोंधाकडे गेली.

"दादा, उपाध्यक्ष तुम्ही व्हा."

 म्वोंधा म्हणाला, "दवाखान्याचा वार कुठला तुझा?"