पंपाला पाजायचे पाणी

आमच्या वसाहतीच्या बागेत आता खेळांपेक्षा फलक जास्त आहेत. चेंडू खेळू नये, मोठ्याने बोलू नये, कबुतरांना दाणे घालू नयेत, बाकावर आडवे होऊ नये. यातला शेवटचा फलक अनावश्यक आहे, कारण बाकांच्या मधोमध लोखंडी कठडे ठोकल्यापासून तिथे धड बसताही येत नाही. झोपाळे गेले ते साखळीचा एक दुवा झिजला म्हणून. घसरगुंडी गेली ती दुसऱ्याच कुठल्या शहरात एक मूल पडले म्हणून. नगरपालिकेच्या उद्यान विभागाची रीत ठरलेली आहे : वस्तूभोवती पिवळी फीत बांधायची, मग ती वस्तू उचलायची, आणि उरलेल्या खड्ड्यावर सिमेंट ओतायचे. मी तांत्रिक विद्यालयात शिकलो आणि निवृत्तीपर्यंत पंपांच्या कारखान्यात राबलो. तिथे बिघडलेली वस्तू आधी उघडून पाहत. उद्यान विभागात ती उघडून पाहणारा कोणी असेल असे मला वाटत नाही.

तरीही झोपाळ्यांसाठी मी भांडलो नाही. आमची मुलगी मोठी होऊन ओसाकाला गेली होती. पिवळी फीत हातपंपाला दिसली, तेव्हा मात्र मी जागच्या जागी थबकलो.

तो पंप बागेच्या कोपऱ्यात, कॅमेलियाच्या झाडाखाली होता. त्याच्याखाली वसाहतीच्या जागी शेते होती तेव्हापासूनची विहीर होती. भूकंपात नळ बंद पडले तर उपयोगी येईल म्हणून तेवढी राखली होती. खरे पाहता तो पंप आता एकाच माणसाचा होता, माझ्या बायकोचा.

किनुएची स्मरणशक्ती काही वर्षांपासून विरत चालली आहे. मुलीचे नाव कधी आठवते, कधी नाही. न्याहारी झाली की नाही हे ती मला विचारते. पण सकाळी उठून ती छोटी किटली घेई, बागेत जाई, किटलीतले पाणी पंपाच्या तोंडात ओती, पंपाने पाणी धरेपर्यंत दांडा हलवी, कॅमेलियाला आणि फुलांच्या वाफ्याला पाणी घाली, आणि निघताना किटली पुन्हा भरून घेई. जुन्या पंपाला आधी पाणी पाजावे लागते. उद्याचे पाणी आजच राखून ठेवायचे असते. ती साखळी तिच्या हातांत होती, डोक्यात नव्हे, म्हणून ती तुटली नव्हती. मी बरेच अंतर ठेवून मागोमाग जात असे. तिला ते ठाऊक नव्हते. तेवढे एक जाणे-येणे तिचे स्वतःचे होते, आणि ते संपले की तिला दिवसभर वृद्धांच्या देखभाल केंद्रात ठेवण्यावाचून मार्ग उरणार नाही, हे मला कळत होते.

"अहो, आज पंप रुसलाय," ती घरी आल्यावर सांगे. "दोनदा पाजावं लागलं त्याला."

"वॉशर वाळला असेल. बघतो मी."

"तुम्ही नुसते बघताच. इतकी वर्षं पंप बघितलेत, घरच्या नळाची टपटप काही थांबली नाही."

अशा दिवशी ती पूर्वीची किनुए असे.

फीत बांधल्यावर पुढच्याच रविवारी वसाहतीच्या सभागृहात माहिती-बैठक झाली. उद्यान विभागाचे तोगावा नावाचे तरुण अधिकारी आले होते. बोलणे मऊ, टाय नीट. पंप काढायचे ठरले आहे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, सहकार्य करावे, असे त्यांनी सांगितले. अध्यक्षांनी विचारले, "कुणाला काही शंका?" सगळ्यांनी चहाच्या कपात पाहिले. अशा बैठकीत आम्ही सगळे शेजारी बोलेल म्हणून थांबतो, आणि कोणी बोलले नाही म्हणजे सर्वांची संमती आहे, असे अधिकारी लिहून नेतात. मी उभा राहिलो.

"तोगावा-सान, पंपात नेमकं काय बिघडलंय?"

"बिघडलं असं नाही, कुसाका-सान. जुना आहे."

"मीही जुना आहे. चामड्याचा वॉशर आणि एक झडप, एवढंच बदलायला हवं. मी करून देतो. फुकट."

दोघेतिघे हसले. तोगावाही हसले, पण कानांपर्यंत लाल झाले.

"तुम्ही चांगलंच कराल हो. पण उद्या दांड्यात कुणाचं बोट सापडलं तर जबाबदारी कुणावर? आमच्याकडे दुरुस्तीसाठी माणूस नाही. काढायचं कंत्राट मात्र आहे."

"म्हणजे दुरुस्त करता येत नाही म्हणून काढायचं?"

"तसं नाही. नागरिकांकडून फोनही आलेत." त्यांनी समोरचा कागद पाहिला. "एक वृद्ध महिला सकाळच्या थंडीत पंपावर भिजते, बाह्या ओल्या होतात, बघून काळजी वाटते, असं."

पुन्हा सगळ्यांनी कपात पाहिले. त्यांना ठाऊक होते. मलाही आता कळले. ती महिला कोण, हे त्या सभागृहात फक्त तोगावांना माहीत नव्हते. मी खाली बसलो. माझ्या घरातली गोष्ट चारचौघांत उकलून दाखवण्याची मला हिंमत झाली नाही, आणि बैठक संपली.

दोन-तीन दिवसांनी समोरच्या इशिगुरो-सान मुळ्याचे लोणचे घेऊन दारात आल्या. त्या विधवा आहेत. किनुएशी त्यांची जुनी मैत्री. डबा माझ्या हातात दिला तरी त्या हलेनात.

"कुसाका-सान, फोन मी केला होता."

मी डबा खाली ठेवला.

"पंप काढा असं मी नव्हतं म्हटलं हो. एवढंच म्हटलं, की तिथं एक बाई असतात, कुणीतरी लक्ष ठेवा. ते म्हणाले, योग्य ती कारवाई करू. मला वाटलं, कुणाला तरी पाठवतील."

"तुमचं दार माझ्या दारासमोर आहे, इशिगुरो-सान."

"म्हणूनच नाही आले. दारात येऊन 'तुमची बायको भिजते' असं कसं सांगायचं? तुम्हाला किती कमीपणा वाटला असता."

"मी रोज तिच्या मागं असायचो."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आम्हाला कसं कळणार? तुम्ही कधी बोललाच नाही."

हेही खरे होते. त्यांनी माझी लाज राखली, मी माझी राखली, आणि आमच्या मधली रिकामी जागा आम्ही नगरपालिकेच्या हाती दिली. नगरपालिकेला बाईवर लक्ष ठेवता येत नाही. तिला फक्त लोखंड उचलता येते.

इशिगुरो-सान माझ्याबरोबर कचेरीत आल्या. आपली तक्रार परत घेते, असे त्यांनी तोगावांना वाकून वाकून सांगितले. तोगावांनीही तितकेच वाकून उत्तर दिले, की तक्रार परत घेता येते, पण निघालेला आदेश परत घ्यायची सोय नाही. मग मी म्हटले, निदान पंप तरी मला द्या. ती नगरपालिकेची मालमत्ता होती. नियमाप्रमाणे ती भंगारातच जायला हवी होती.

पहिले बर्फ पडायच्या आत कंत्राटदाराची माणसे आली. काम झटपट उरकले. कोपऱ्यात सिमेंटची एक गोल चकती उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनुए किटली घेऊन निघाली. मी अंतर न ठेवता तिच्याबरोबर गेलो. चकतीपाशी ती थांबली, थोडी वाकली आणि पाणी सिमेंटवर ओतले. मग उजवा हात पुढे करून दांड्याच्या उंचीवर धरला. हात तसाच राहिला.

"अहो, धरत नाही पाणी."

"वॉशर वाळला असेल."

"मग बघा ना."

मी चकतीपाशी बसलो आणि बघितल्यासारखे केले. परतताना ती रिकामी किटली पुन्हा पुन्हा हलवून पाहत होती. "उद्याला पाणी राहिलं नाही," ती घरी येईपर्यंत म्हणत होती. संध्याकाळी तिची पाठ वळल्यावर मी स्वयंपाकघरातल्या नळाखाली किटली भरून ठेवली. सकाळी ती भरलेली दिसली तेव्हा तिचा चेहरा उजळला.

असे काही आठवडे चालले. रोज पाणी सिमेंटवर जाई, रोज मी वॉशर बघे, रोज नळाचे पाणी किटलीत येई. ते नाटक होते, पण ती स्वतः उठत होती, स्वतःचा कोट घालत होती, वाट चुकत नव्हती. केंद्राच्या बाईंना मी वसंतापर्यंत थांबायला सांगितले होते.

जानेवारीत ओतलेले पाणी गोठू लागले. एका सकाळी आम्ही गेलो तेव्हा चकतीभोवती पिवळी फीत होती आणि नवा फलक : येथे पाणी सांडू नये, घसरण्याचा धोका. या वेळी फोन कुणी केला ते मी विचारले नाही. तोही काळजीपोटीच केलेला असणार.

किनुए फितीपाशी थांबली. तिने फलक मोठ्याने, एकेक शब्द नीट वाचला. वाचता तिला अजून येते. फीत ओलांडायचे तिच्या मनातही आले नाही. जन्मभर तिने एकही फीत ओलांडलेली नाही. ती बराच वेळ उभी राहिली, आणि तिच्या हातातली किटली हळूहळू कलंडू लागली.

"अहो," ती म्हणाली, "आपण कुठं निघालो होतो?"

मी किटली तिच्या हातातून घेतली. ती भरलेली होती.