सतरा सेंटिमीटरचं कार्ड

एक तारखेला आठ दिवस उरले होते, आणि स्तोयनाने सकाळपासून तीनदा कॉफी ठेवली होती. तिन्ही वेळा ती उतू गेली. तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. संगणक सुरू केला की पडद्यावर लाल पट्टी यायची. पुढच्या महिन्यापासून हे जुनं ग्राफिक्स कार्ड चालणार नाही, नवं बसवा, नाहीतर खेळ बंद.

खेळ रणगाड्यांचा. हसू नका. शिवणकामाच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, बासष्ट वर्षांची, जिना चढताना कुरकुरणारी ही बाई रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला रणगाडा घेऊन लढाईवर जायची. पलटणीत चौघं होते. रुसे शहरातला वेलिन, बुर्गासचे दोघे भाऊ आणि इथलं, लोव्हेचचं 'म्हातारं अस्वल'. अस्वल म्हणजे तिचा नवरा स्पास. निदान बाकीच्या तिघांची तशी समजूत होती.

स्पास दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. बस आगारात मेकॅनिक होता, धडधाकट होता, जेवता जेवता मान टाकली. नवव्या दिवशी ती त्याच्या खुर्चीत बसली ती पलटणीला कळवायला. 'स्पास वारला' एवढंच लिहायचं होतं. तेवढ्यात वेलिनचा निरोप उमटला, "अस्वला, कुठे मेला होतास इतके दिवस? डावीकडून ये, लवकर!" आणि ती डावीकडून गेली. सहा वर्षं नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहून तिने तो खेळ पाहिला होता, कुठली कळ काय करते ते झोपेतही सांगितलं असतं. त्या दिवशी ती हरली, दुसऱ्या दिवशीही हरली. महिन्याभरात जिंकायला लागली, आणि मग सांगायला तोंडच उरलं नाही.

स्पासला माइकवर बोलायचा कंटाळा, तो टाइप करायचा. त्यामुळे आवाजाची अडचण नव्हती. सगळ्या जगात तो मेला होता, पण त्या पलटणीत रोज सहाला हजर होता, शिव्या खात होता, शाबासकी घेत होता. तिला त्याला तिथून उठवायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सहा वाजता जायला तिलाही दुसरं ठिकाण नव्हतं.

म्हणून तिने घाई केली आणि घाईत चूक केली. जाहिरात पाहून एकाकडून जुनं कार्ड आणलं, दोन पंख्यांचं, चांगलं दणकट. आणण्याआधी टेपने संगणकाचा डबा मोजला होता. डबा चाळीस सेंटिमीटर, कार्ड सव्वीस, म्हणजे ऐसपैस जागा. घरी बसवायला गेली तर हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा आला. तिने जोर लावला, गुडघा टेकवून लावला, पण कार्ड काही आत जाईना. शेवटी बाजारहाटाच्या ट्रॉलीत संगणक घातला आणि ती रुमेनच्या दुरुस्तीच्या टपरीवर गेली. रुमेन चाळिशीचा, कामात हुशार आणि जिभेला हाड नसलेला.

"काकू, आज भोपळे नाही मिळाले वाटतं बाजारात?"

"दात काढू नकोस. हे बसत नाही."

त्याने डबा उघडला. "मोजलंत कुठून?"

"बाहेरून. मग काय आत शिरून मोजू?"

"आत शिरूनच मोजायचं असतं. या खाचेपासून त्या पिंजऱ्यापर्यंत. हे बघा, सतरा." त्याने पट्टी तिच्या नाकासमोर धरली. "सतराला सव्वीस कसं बसेल? देव पावला म्हणायचा. बसलं असतं तर पंचाईत होती."

"ती कशी?"

त्याने पॉवर सप्लाय सोडवला आणि तिच्या हातात ठेवला. "वर काय लिहिलंय?"

"पाचशे वॅट."

"आता तोलून बघा."

तिने तोलला. "हलका आहे."

"हलकाच असणार. खरा पाचशेचा असता तर हात खाली गेला असता. हा फार तर अडीचशेचा, पाचशे नुसता स्टिकर. तुमचं ते मोठं कार्ड याला जोडलं असतं तर धूर निघाला असता आणि तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या."

"तशाही घालते."

"स्पासकाकांना मी तेव्हाच सांगितलं होतं, पेटीवरचं वाचू नका, वजन करा. तर म्हणाले, मी बसचं इंजिन जोडतो, हे काय मोठंसं!"

"त्याला बोल लावायचं काम नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा चढला की शेजारचा चावीवाला वळून बघायला लागला.

रुमेन वरमला. त्याने कागदावर तिला काय हवं ते लिहून दिलं. सतरा सेंटिमीटरपेक्षा लांब नको. वेगळी वायर मागणारं नको, खाचेतून मिळेल तेवढ्याच विजेवर भागवणारं हवं. आणि अगदी नवंही नको, कारण तेरा वर्षांचं मशीन काल-परवा निघालेल्या कार्डाला ओळखच देत नाही. असं कार्ड त्याच्याकडे नव्हतं, आणि कुठे दिसलंच तर टिकत नाही म्हणाला. "त्यापेक्षा नवा संगणक घ्या ना, काकू. यात काय ठेवलंय?"

"हा त्याने जोडलाय," ती म्हणाली आणि ट्रॉली ओढत निघाली.

संध्याकाळी तिने अस्वलाच्या नावाने पलटणीला सगळं लिहिलं. वेलिनचं उत्तर लगेच आलं. त्याच्या खणात अगदी असलंच पडून होतं. पट्टीने मोजून सांगतो म्हणाला, सोळा पूर्णांक आठ. शनिवारी बसच्या ड्रायव्हरजवळ देतो, थांब्यावरून घेऊन जा. तिला इतका आनंद झाला की ती उठून एकटीच स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आली.

दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, "ड्रायव्हरला कशाला देऊ? मीच येतो. आठ वर्षं बरोबर लढतोय आणि अजून हात मिळवला नाही, लाज वाटायला हवी आपल्याला. शनिवारी साडेअकराची बस. वहिनींना सांग, जेवायला काहीतरी झणझणीत करा म्हणावं."

तिने लिहिलं, उगाच त्रास कशाला. त्याने लिहिलं, "गप रे, तिकीट काढलंय."

मग ते तीन दिवस तिच्या पायाला नुसती भिंगरी. नको म्हणावं तर कार्ड गेलं, एक तारीख उजाडली की पलटण संपली. ये म्हणावं तर स्पास आणायचा कुठून? तिने थाप बेतली. स्पासची बहीण प्लोव्हदिवला आजारी पडली, त्याला तातडीने जावं लागलं. आरशापुढे उभी राहून म्हणून बघितलं, भांडी घासताना म्हणून बघितलं. बरं चाललं होतं. शनिवारी सकाळी दूध आणायला फाटक उघडलं आणि ती जागच्या जागी थिजली.

फाटकावर स्पास होता. काळ्या चौकटीचा कागद, वर फोटो, खाली 'दोन वर्षं तुझ्याविना'. तिनेच मार्चमध्ये लावला होता, जसे इथे गेलेल्या माणसाचे सगळेच लावतात. एक इथे, एक गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर, एक लिंडेनच्या झाडावर, एक बेकरीच्या काचेवर. रोज बघून बघून ते कागद तिला दिसेनासे झाले होते.

ती स्वयंपाकाची सुरी घेऊन आली आणि खरवडायला लागली. फोटो फाटू नये म्हणून कडेकडेने. समोरची गीना खिडकीत आली.

"काय गं स्तोयना, दुसरं लग्न-बिग्न ठरलं की काय?"

"हो. रुसेहून नवरदेव येतोय, साडेअकराच्या बसने. आहेर तयार ठेव."

गीनाला गप्प केलं, पण स्वतःला करता येईना. जिवंतपणी ज्या माणसाला तिने कधी घराबाहेर काढलं नव्हतं, त्याला ती आज सुरीने खरवडून काढत होती. तिला स्वतःची अतोनात लाज वाटली. चारही कागद तिने खणात, टॉवेलांखाली ठेवले आणि बानित्सा, चीज भरलेली थरांची पोळी, ओव्हनमध्ये सरकवली.

साडेअकरा वाजले. बसस्थानकापासून घर चालत दहा मिनिटांवर. बारा वाजले. ती फाटकापर्यंत जाऊन आली, टेबलावरचे काटे सरळ केले, परत फाटकापर्यंत गेली. साडेबारा झाले. बानित्सा गार पडली, ती तिने गरम केली, परत गार पडली. बस चुकली असेल, नाहीतर पत्ता चुकला असेल, नाहीतर येणारच नसेल, आणि यातलं आपल्याला नक्की काय हवंय हेच तिला कळेना.

पावणेएकला फाटक वाजलं. उंच, वाकलेला, साठीचा माणूस. काखेत कार्डाचा खोका, एका हातात घरच्या मिरच्यांची पिशवी, आणि टळटळीत उन्हात टोपी डोक्यावर नव्हे, दुसऱ्या हातात.

"या, या! अहो, स्पासला ना अचानक..."

"आधी मशीन दाखवा, वहिनी."

त्याने बाकी काही विचारलं नाही. गुडघ्यांवर बसला, डबा उघडला, धूळ फुंकरून काढली, जुनं कार्ड बाहेर घेतलं. पॉवर सप्लायची वायर बघताना त्याने तो जरा उचलला.

"हलका आहे."

"पाचशे नुसता स्टिकर," ती बोलून गेली.

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. कार्ड खाचेत सरकलं. पिंजऱ्यात आणि त्याच्यात करंगळीही धड जाणार नाही एवढी फट उरली. त्याने स्क्रू पिळला, कळ दाबली. पडदा काळाच राहिला. एकदाचा पंखा घुमला, पडदा उजळला, खेळ उघडला. लाल पट्टी नव्हती.

"बसा," तो म्हणाला. "चालवून दाखवा."

"मी? मला कुठे..."

"बसा."

ती बसली. सरावाच्या मैदानात रणगाडा उभा होता. हात आपसूक कळांवर गेले, आणि तिने तो भिंतीच्या कोपऱ्यावरून उलटा, अलगद, एका दमात मागे घेतला.

"स्पासला हे कधी जमलं नाही," तो मागून म्हणाला. "दर वेळी भिंतीवर आपटायचा. दोन वर्षं मी बुर्गासच्या पोरांना सांगतोय, अस्वल म्हातारपणी शिकलं बघा."

तिला मान वळवता येईना. "तुम्हाला कधी कळलं?"

"अकरा चाळीसला. बसस्थानकाच्या काचेवर आहे तो. खाली लिहिलंय, आगारातल्या मित्रांकडून."

तो कागद तिने लावलाच नव्हता. तो तिला ठाऊकच नव्हता.

"तिथल्या बाकड्यावर जवळजवळ तासभर बसलो. समोर परतीची बस लागली होती."

"मग गेला का नाहीत?"

"कार्ड द्यायचं होतं ना." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गेल्या हिवाळ्यात माझी बायको दवाखान्यात होती. रोज सकाळी 'कशी आहे' म्हणून विचारायचं, ते कोण?"

"मी."

"आणि स्पास नावाच्यांचा सण असतो, त्याला मी शुभेच्छा पाठवल्या. दोनदा. आभार कोणी मानले?"

"मीच."

"ते नको होतं, वहिनी." त्याचा आवाज चिरकला. "मला रडायचं होतं त्याच्यासाठी. तेव्हाच, सगळ्यांबरोबर. तुम्ही ते माझ्यापासून काढून घेतलंत."

ती म्हणाली, "चुकलं माझं. फार चुकलं. आज सहाला पलटणीला मीच सांगते."

"सांगा." त्याने दाराकडे मान वळवली. "फाटकावर नुसते चार कोपरे चिकटलेत. मधला कागद कुठाय?"

तिने खण उघडला, टॉवेल बाजूला केले, ज्याचे कोपरे शाबूत होते तो कागद निवडला आणि डिंकाची बाटली घेतली. दोघं फाटकाशी गेली. गीना खिडकीत होती, ती आत सरली. वेलिनने दोन्ही हातांनी वरची कड धरली, स्तोयनाने खालून तळव्याने कागद सपाट केला. मग त्याने हात सोडले, टोपी छातीशी धरली आणि त्या फोटोपुढे हमसून हमसून रडायला लागला. खालचा एक कोपरा सारखा सुटत होता. तिने तो अंगठ्याने दाबून धरला, आणि त्याचं रडून होईपर्यंत सोडला नाही.