बाबागाडीवरचा माइक

तिला सातवा महिना लागला आणि दिग्दर्शकाचा फोन आला. "तू आता घरी आराम कर. मी दुसरा माणूस बघतो."

"दुसरा कशाला? पहिली अजून धडधाकट आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ती माहितीपटांसाठी आवाज टिपायची. युनिटमध्ये सगळे तिला कानसेन म्हणत. गळ्यात रेकॉर्डरची जड पिशवी अडकवायची, लांब काठीच्या टोकाचा माइक डोक्यावर उंच धरायचा आणि दिवसभर उभं राहायचं, असं ते काम. डॉक्टरीणबाईंची कामाला ना नव्हती. फक्त ओझं उचलायचं नाही आणि हात वर करून ताटकळायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

"मग ओझं ढकलेन," ती म्हणाली आणि नवऱ्याला माळ्यावर चढवून नणंदेची जुनी बाबागाडी खाली काढायला लावली.

सासूबाई धावत आल्या. "अगं, बाळाच्या आधीच गाडी?"

"बाळासाठी नाही आई, माझ्यासाठी."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

तिने गाडीची बैठक उपटली, तिथे फळी ठोकली आणि स्पंजवर रेकॉर्डर पट्ट्याने आवळला. नळ बसवतात त्या लोखंडी क्लिपांनी दांड्याला उभा पाइप जखडला. त्याच्या टोकाला आडवी काठी लावली आणि तिच्यावर रबरबँडांच्या झोळीत माइक टांगला. गाडी पुढे कलंडू नये म्हणून जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून मागे बांधली.

मग कानाला हेडफोन लावून ती म्हणाली, "आई, जरा ढकला बघू."

फरशीच्या प्रत्येक सांध्याला ठक्, ठक्. तिने सायकलची ट्यूब कापून चाकांना गुंडाळली. सासूबाईंनी पुन्हा गाडी ढकलली.

"अजून काहीतरी कटकट वाजतंय. आई, तुमचा गुडघा!"

"तो दहा वर्षं वाजतोय. तुला आज ऐकू आला होय?"

छापखान्यात शूटिंग होतं. बाबागाडी आत शिरताच कॅमेरावाला खो खो हसला. "बाळ कुठंय?"

"येतंय. तोवर तुझा आवाज सांभाळते."

दिग्दर्शक वैतागला. "हा काय पोरखेळ मांडलायस? मी माणूस सांगून ठेवलाय."

"करार माझ्याशी झालाय. मोडायचा तर लेखी मोडा. नाहीतर बाजूला व्हा, मला वायर जोडायचीय."

ती वायर जोडत राहिली. बोलावलेला माणूस दुपारी येणार होता, त्यामुळे पहिला शॉट तिनेच घेतला. छापखान्याची मालकीण बंद यंत्रांच्या मधून चालत, वडिलांविषयी बोलत होती. कॅमेरा पुढे होता आणि मालकिणीच्या बाजूने गाडी. शॉट संपल्यावर दिग्दर्शकाने हेडफोन मागून घेतले. मालकिणीचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. चाकांचा मागमूसही नव्हता. बाहेर जाऊन त्याने फोन केला आणि त्या माणसाला नको म्हणून सांगितलं.

पुढचा शॉट वरच्या मजल्यावर होता. जिना अरुंद होता.

"हे बघ," तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "इथे मात्र तुझी गाडी अडली."

"अडतेय कशाला? तुम्हाला दोन हात आहेत ना?" तिने माइक उतरवून घेतला. "पुढून तुम्ही धरा, मागून कॅमेरावाला. आणि सांभाळून, आपटू नका."

दिग्दर्शकाने बाह्या वर सारल्या.