बाबांच्या आवाजाचा वेग

व्हिडिओतल्या माणसाच्या पडद्यावर ती ओळ होती, माझ्या पडद्यावर नव्हती. तो गडी मजेत सांगत होता, "इथे या, हा आकडा वाढवा, झालं!" मी इथे आले होते. आकडा काही आला नव्हता. त्याच्या बायोसमध्ये प्रोसेसरच्या नावाखाली हातभर यादी होती. आमच्या बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव, त्याचं तापमान आणि पुढे ठणठण गोपाळ. मी प्रत्येक पान उघडून पाहिलं. पंख्याचा वेग बदलता येत होता, घड्याळ बदलता येत होतं, भाषासुद्धा बदलता येत होती. नेमकं हवं ते सोडून सगळं होतं.

बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून धरलं की उघडतात ती आतली पानं. तिथून म्हणे प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूला, कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवता येतं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. पोरं हे गेम खेळायला करतात. मला ते बाबांसाठी करायचं होतं, कारण आता बाबांचा आवाज त्या डब्यातून येत होता.

बाबा लिलाव पुकारायचे. शहरातल्या जुन्या सामानाच्या लिलावघरात, उंच स्टुलावर बसून, जन्मभर. बोली चढवताना जीभ अशी चालायची की सगळे त्यांना 'कात्री' म्हणत. पण लोक यायचे ते सामानासाठी कमी आणि त्यांचे टोमणे ऐकायला जास्त. एकदा एका सुटाबुटातल्या माणसाने मोठ्या आरशाला अगदीच फुटकळ बोली लावली. बाबा म्हणाले, "साहेब, आरसा विकतोय, त्यात दिसतंय ते नाही. जरा वर या!" हॉल हसून हसून आडवा झाला आणि तो माणूस चक्क वर आला.

घरीही तेच. दुसऱ्याच्या बोलण्याला नुसतं 'हो' म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. आई म्हणाली, आज ऊन फार आहे, की हे म्हणणार, "ऊन कालचंच आहे, तू आज बाहेर पडलीस." आई चिडायची, मी चिडायचे, आणि आम्ही दोघी मनातल्या मनात पुढच्या टोल्याची वाट बघायचो.

मग घशात गाठ निघाली आणि त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. दवाखान्यातल्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी सांगितलं, जुना आवाज कुठे रेकॉर्ड केलेला असेल तर आणा, त्यावरून हुबेहूब तसा आवाज तयार करता येतो. आमच्याकडे काय तोटा! बोलीवरून भांडण नको म्हणून लिलावघर प्रत्येक लिलाव रेकॉर्ड करून ठेवायचं. त्यातून बाईंच्या माणसांनी बाबांचा आवाज बनवला. बाबा टाइप करणार आणि कॉम्प्युटर बोलणार. फक्त झालं असं, की त्या आवाजाला लिलाव सोडून दुसरं काही माहीतच नव्हतं. बाबांनी 'मीठ दे' असं लिहिलं तर मीठ विकायला काढलंय असा पुकारा व्हायचा. पहिल्या दिवशी आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो. बाबा हसत होते तेव्हा आवाज मात्र आमच्या दोघींचाच येत होता.

हसू आठवडाभर टिकलं. मग उशीर दिसायला लागला. बाबांनी लिहून बटण दाबलं की डबा घरघरायचा, विचार करायचा आणि मग बोलायचा. तोवर गप्पांची गाडी पुढच्या स्टेशनात गेलेली असायची. एकदा जेवताना आई शेजाऱ्यांच्या नव्या सोफ्याचं कौतुक सांगत होती. बाबा लिहायला लागले. आईने सोफा संपवला आणि म्हणाली, "बरं, माझ्या भावाला काल दवाखान्यात ठेवलंय, छातीत दुखत होतं." त्याच क्षणी डबा खणखणीत आवाजात ओरडला, "महिन्याभरात लिलावाला निघेल, लिहून ठेवा!"

आई ताट घेऊन आत गेली. तिला कळलं होतं की ते सोफ्याबद्दल होतं. तरीही गेली. बाबा तिच्या पाठीकडे बघत राहिले, मग त्यांनी मला कीबोर्डवर लिहून दाखवलं, आवाजाचं बटण न दाबता: मला पटकन बोलायचंय. एवढं कर.

रविवारी लिलावघरातली मंडळी येणार होती. आजारपणानंतर ती दर रविवारी यायची आणि दर रविवारी बाबांशी जरा जास्त सावकाश, जरा जास्त मोठ्याने बोलायची. बाबांना ऐकायला उत्तम येत होतं. पण जो माणूस वेळेवर उलटून बोलत नाही, त्याला लोक बहिरा धरतात की काय कोण जाणे. त्यांच्यासमोर एक, फक्त एक टोला वेळेवर बसावा, एवढीच बाबांची इच्छा होती आणि मी ती डोक्यावर घेऊन बसले होते.

माझा मावसभाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लहानपणापासून घरातली प्रत्येक वस्तू उघडायची सवय, म्हणून सगळे त्याला पक्कड म्हणतात. उघडतो तितक्या वस्तू परत बंद होतातच असं नाही. तो आला, पडद्यासमोर बसला आणि म्हणाला, "ताई, ही साधी पानं आहेत. खरी पानं आत असतात." एक बटण दाबून त्याने आतली पानं उघडली. तिथे शब्द जास्त होते, ओळ नव्हती.

"सगळं मूळपदावर आणू," म्हणून त्याने ते केलं. ओळ नव्हती. मग त्याने डबा उघडला, धूळ फुंकली, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढला, थोडा वेळ थांबला आणि परत बसवला. कॉम्प्युटर सगळं विसरला. तारीखसुद्धा विसरला. ओळ मात्र त्याला आठवली नाही.

"बायोस जुना असेल. नवा घालू," पक्कड म्हणाला. हे काम चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा जातो, असंही तो सहज बोलून गेला. बाबा उठले आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डापाशी हाताची घडी घालून उभे राहिले. आई दिवा लावायला आली तर तिलाही त्यांनी हाताने हटकलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि आम्ही चौघं देवासमोर उभे राहावं तसे गप्प होतो. पट्टी भरली. कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू झाला. बायोसची पानं आता निळ्याऐवजी काळी होती.

ओळ नव्हती.

"कुठेतरी लपवली असणार," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तू नीट बघ ना!"

पक्कड फोनवर बराच वेळ काहीतरी वाचत बसला. मग त्याने फोन उलटा ठेवला. "ताई, लपवलेली नाही. ती नाहीच. हा मदरबोर्ड ऑफिसच्या मशीनचा आहे, आणि प्रोसेसर कारखान्यातूनच कुलूप लावून आलाय. याचा वेग वाढवायची सोयच दिलेली नाही. उद्या तू दहा बायोस घातलेस तरी तेच."

मी बाबांकडे बघितलं, कारण हा डबा त्यांनीच निवडला होता. आमच्या घरात नवी वस्तू म्हणून येत नाही. खुर्च्या, कपाटं, माझं अभ्यासाचं टेबल, सगळं लिलावघरातून. नवीन घेणारा माणूस एक तर घाईत असतो नाहीतर मूर्ख, हे बाबांचं ठाम मत. आवाजासाठी कॉम्प्युटर लागणार हे कळल्यावर मी दुकानात जायला निघाले होते, तर त्यांनी ऑपरेशनच्या तोंडावर मला हात धरून लिलावघरात नेलं आणि एका बंद पडलेल्या कचेरीच्या ढिगातून हा डबा काढून दिला. तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता, तरी त्यांनी घासाघीस केली. उत्साहाने पाठीवर थाप मारून घेऊन आले होते, डब्याच्याही आणि माझ्याही.

बाबांनी कीबोर्ड ओढला. एक बोट, चष्मा कपाळावर, अक्षर शोधत शोधत. आम्ही थांबलो. "जसं आहे तसं. माल परत घेतला जात नाही!" डबा गरजला. लिलाव सुरू होण्याआधी ते रोज हेच वाक्य पुकारायचे. मला हसू आलं नाही. मला रडूच आलं आणि ते मी लपवलं नाही.

"काका, एवढं काय त्यात!" पक्कड घाईघाईने म्हणाला. "माझं गेमचं मशीन आणतो ना मी. त्याच्यापुढे हे म्हणजे बैलगाडी आहे."

शनिवारी तो खरंच त्याचं भलंमोठं मशीन घेऊन आला आणि बाबांचा आवाज त्याने त्यात चढवला. आतून लाल-हिरवे दिवे चमकत होते. आई म्हणाली, "हे घरात ठेवायचं की लग्नाच्या मांडवात?" बाबांचे डोळे लकाकले. एवढा सोपा झेल त्यांनी आयुष्यात सोडला नव्हता. ते लगेच लिहायला लागले. म... मग काना कुठे गेला तो शोधला... मग एक अक्षर खोडलं. आई थोडा वेळ उभी राहिली. दारावरची घंटा वाजली, ती दूध घ्यायला गेली. बाबांनी बटण दाबलं आणि या वेळी आवाज एका श्वासाचाही उशीर न करता आला. "मांडवात ठेव, या वेळी नवरा तरी चांगला बघ!"

वाक्य फक्कड होतं. ऐकायला आई नव्हती.

पक्कड माझ्याकडे बघेना. मी त्याच्याकडे बघेना. आठवडाभर आम्ही बायोसची पानं उलटीपालटी करत होतो, सेल काढत होतो, घालत होतो, आणि बाबांचं ते एक बोट आमच्या डोळ्यांसमोर कीबोर्डवर फिरत होतं. डब्याचा उशीर होताच, पण तो चिमूटभर. बाकी सगळा उशीर त्या बोटाचा होता. त्या बोटाला कुठल्या पानावर जाऊन पळवायचं?

"तयार वाक्यं भरून ठेवू," मी म्हणाले. "एक बटण दाबलं की एक टोमणा. बाबा, तुमचे जुने कितीतरी आहेत."

बाबांनी मान हलवून नाही म्हटलं आणि लिहिलं. आम्ही वाट बघितली. "शिळा माल मी विकत नाही."

पक्कडने फोनमध्ये ओठ बघून शब्द ओळखणारं काहीतरी शोधलं. ते आपल्या भाषेत नव्हतं. मी त्यांना दोन हातांनी टाइप करायला शिकवायला बसले. त्यांची बोटं चांगली जाड, आयुष्यभर लाकडी हातोडी धरलेली. तासाभराने त्यांनीच माझा हात कीबोर्डवरून हळूच बाजूला केला. त्यांना राग आला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी मंडळी आली. लिलावघरातला हमालांचा मुकादम, तिथली हिशेबनीस बाई आणि आणखी एक-दोघं. मुकादम बाबांचा जुना प्रतिस्पर्धी. हॉलमध्ये या दोघांची जुगलबंदी चालायची. चमचमणारं मशीन बघून तो म्हणाला, "अरे वा कात्री! धार लावून आणलीस की काय?"

बाबा सरसावून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं, टोला तयार असल्याचं. बोट कीबोर्डवर गेलं.

आणि सगळे गप्प झाले. मीच आधी फोनवर सांगून ठेवलं होतं ना, की बाबांना जरा वेळ द्या, मध्ये बोलू नका! मला वाटलं होतं हीच मदत आहे. सगळ्यांचे कप हातात तसेच राहिले. हिशेबनीस बाई प्रेमळ चेहरा करून बाबांच्या बोटाकडे बघत होत्या. एक अक्षर. मग पुढचं. मुकादम एकदा खाकरला आणि खाकरल्याबद्दल ओशाळला. मी मनात म्हणत होते, कुणीतरी बोला, काहीतरी पाडा, भांडा.

बाबांनी बटण दाबलं. "धार आहेच, पण तुझ्यासारखा जाड कपडा मिळाला तर कात्रीनं काय करावं!"

सगळे हसले. एकदम, एका सुरात, फार मोठ्याने. मुकादमाने मांडीवर थाप मारली. "वा, वा! जबरदस्त! अजून तसाच आहेस बघ!" लहान मुलाने कविता म्हटल्यावर करतात तसं हिशेबनीस बाईंनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनी जन्मभर गर्दीचं हसू मोजलेलं होतं. कुठलं आपसूक आलेलं, कुठलं मालकाला बरं वाटावं म्हणून, हे त्यांना पाठ फिरवूनही कळायचं. त्यांनी एकेकाचा चेहरा बघितला. मग कीबोर्ड पुढे सरकवला, चहाचा कप उचलला आणि मंडळी जाईपर्यंत परत बोट लावलं नाही. मुकादम निघताना म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊ का?" बाबांनी मान डोलावली.

पक्कड मशीन परत न्यायला आला तेव्हा त्याला कसं सांगावं मला कळेना. "राहू दे ना ताई," तो म्हणाला, "वेग आहे त्यात." मी म्हणाले, "ने."

आता आमच्या घरात फार शांतता असते. आई म्हणते ऊन आहे, बाबा मान डोलावतात. आई म्हणते भाजी अळणी झालीय का, ते मान डोलावतात, मग घाईने नकारार्थी हलवतात. डबा कोपऱ्यात चालू असतो. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसते.

काल मला राहवलं नाही. ते खिडकीशी बसले होते. मी मुद्दाम त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, खरं सांगू? लिलाव पुकारणं हे काही कसब नाही. नुसतं ओरडायचं असतं. ते कुणालाही जमेल."

त्यांनी झटकन वर बघितलं. डोळ्यांत ठिणगी पडली, मी स्वतः पाहिली. ओठ उघडले. हात कीबोर्डच्या दिशेने उठला आणि मी श्वास रोखून उभी राहिले. कितीही वेळ थांबायची माझी तयारी होती, आणि ती माझ्या तोंडावर त्यांना स्पष्ट दिसली असणार.

हात परत मांडीवर आला. बाबा माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी हो म्हणून मान हलवली.